बँकांचे विलीनीकरण आणि शेअर बाजाराचा कौल

बँकांचे विलीनीकरण ही बाब आता आपल्या देशात नवलाईची राहिलेली नाही. १९९३ मध्ये न्यू बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली, तेव्हा एक राष्ट्रीयीकृत बँक दुसरीत सामावली जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. पुढे १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका व भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक व देना बँक बडोदा बँकेत आल्या आणि १ एप्रिल २०२० रोजी दहा बँकांच्या चार बँका करण्यात आल्या. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांची संख्या त्यामुळे २७ वरून १२ वर आली.

अशा प्रत्येक घोषणेनंतर दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक बातमी ठळकपणे झळकते. अमुक बँकेचा शेअर कोसळला, तमुक बँकेचा वधारला. ज्या गावातील पंचायतीचे खाते त्या बँकेत असते, ज्या शाळेतील शिक्षकांचे वेतन तेथे जमा होते, तेथे साहजिकच शंका उत्पन्न होते की, बाजाराने या बँकेला नापास तर ठरविले नाही ना? आपली ठेव सुरक्षित आहे ना? या शंकेचे निरसन करावयाचे तर शेअर बाजार नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत असतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. त्यासाठी निरनिराळ्या देशांतील अनुभव उपयोगी पडतो.

बडोदा, विजया आणि देना

१७ सप्टेंबर २०१८ रोजी सायंकाळी केंद्र शासनाने बडोदा, विजया व देना या तीन बँकांचे एकत्रीकरण करण्याचा मानस जाहीर केला. या तिन्ही बँकांची प्रकृती निरनिराळी होती. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या प्रेरणेने १९०८ मध्ये स्थापन झालेली बडोदा बँक ही त्यांतील मोठी बँक. मंगळूर येथे १९३१ मध्ये सुरू झालेली विजया बँक आकाराने मध्यम, परंतु २०१७-१८ या वर्षात सार्वजनिक क्षेत्रातील ज्या दोनच बँकांना नफा झाला त्यांपैकी ती एक होती. मुंबईची देना बँक मात्र थकीत कर्जांच्या ओझ्याखाली दबलेली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या मे महिन्यापासून तिच्यावर निर्बंध घातले होते आणि पुढे नवी कर्जे देण्यासही तिला मनाई करण्यात आली होती.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच बडोदा बँकेचा शेअर सुमारे १६ टक्क्यांनी घसरला. विजया बँकेचाही सुमारे ६ टक्क्यांनी खाली आला. दुबळ्या देना बँकेचा शेअर मात्र एका दिवसात वाढण्याची जी कमाल मर्यादा असते, तेथपर्यंत म्हणजे जवळजवळ २० टक्क्यांनी चढला. वरवर पाहता हा प्रकार उफराटा वाटतो. सशक्ताची किंमत घटावी आणि आजाऱ्याची वाढावी, हे कसे?

याचे उत्तर साधे आहे. त्या सायंकाळपर्यंत देना बँकेच्या भागधारकाच्या हाती एका अडचणीतील बँकेचा कागद होता. घोषणेनंतर त्याला एका मोठ्या बँकेचा शेअर मिळणार होता. बडोदा बँकेच्या भागधारकाला उलट देनाच्या थकीत कर्जांचा वाटा उचलावा लागणार होता. बाजाराने हे विलीनीकरण देशाच्या हिताचे आहे की नाही, याविषयी त्या दिवशी काहीच सांगितले नव्हते. ओझे कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर जाणार, एवढाच त्याचा अंदाज होता.

आणि तो अंदाजही अपुरा ठरला. २ जानेवारी २०१९ रोजी शेअरच्या अदलाबदलीचे प्रमाण जाहीर झाले. विजया बँकेच्या १,००० शेअरमागे बडोदा बँकेचे ४०२ आणि देना बँकेच्या १,००० शेअरमागे ११० शेअर द्यावयाचे ठरले. बडोदा बँकेच्या शेअरचा भाव त्या वेळी १२० रुपयांच्या आसपास होता. तो १२० धरला, तर विजया बँकेच्या एका शेअरबद्दल ४८ रुपये २४ पैसे आणि देना बँकेच्या एका शेअरबद्दल अवघे १३ रुपये २० पैसे पदरात पडत होते. देनाचा शेअर बाजारात तेव्हा १८ रुपयांच्या सुमारास विकला जात होता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. दुसऱ्या दिवशी देनाचा भाव सुमारे २० टक्क्यांनी आणि विजयाचा सुमारे ७ टक्क्यांनी उतरला. सप्टेंबरात देनाच्या भागधारकांनी जे कमावले होते, त्याचा हिशेब जानेवारीत असा चुकता झाला.

येथे आणखी एक गोष्ट नजरेआड होते. या तिन्ही बँकांत बहुसंख्य मालकी केंद्र शासनाचीच होती. प्रमाण थोडे इकडे झाले काय किंवा तिकडे झाले काय, शासनाच्या एकूण मालमत्तेत त्यामुळे फारसा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो प्रत्येक बँकेतील किरकोळ भागधारकांना, आणि तोही परस्परविरुद्ध दिशांनी. शेअरच्या भावांतील ती पडझड प्रामुख्याने या अल्पसंख्य भागधारकांमधील वाटणीची होती.

मोजमापाची रीत

अभ्यासक हा परिणाम कसा मोजतात, तेही पाहणे अगत्याचे आहे. १९६९ मध्ये फामा, फिशर, जेन्सन व रोल या चार अमेरिकन अभ्यासकांनी शेअरच्या विभाजनावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील पद्धती पुढे सर्वत्र रूढ झाली. घोषणेच्या आधीचे व नंतरचे काही दिवस घ्यावयाचे. त्या दिवसांत एकूण बाजार जितका चढला वा उतरला, त्या मानाने या बँकेचा शेअर किती हलावयास हवा होता, हे काढावयाचे. आणि प्रत्यक्ष बदलातून ते वजा करावयाचे. उरेल तो घोषणेचा परिणाम.

ही वजाबाकी न केल्यास किती फसगत होते, याचे उदाहरण आपल्याकडेच घडले. ३० ऑगस्ट २०१९ रोजी, शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर, केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दहा बँकांच्या एकत्रीकरणाची घोषणा केली. त्याच सायंकाळी एप्रिल ते जून या तिमाहीत राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ केवळ ५ टक्के झाल्याचे आकडेही प्रसिद्ध झाले. सोमवारी गणेश चतुर्थीची सुटी होती. मंगळवारी ३ सप्टेंबरला बाजार उघडला तेव्हा मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे ७७० अंशांनी गडगडला. पंजाब नॅशनल, कॅनरा, युनियन व इंडियन या विलीन करून घेणाऱ्या बँकांचे शेअर त्याहून पुष्कळच अधिक पडले हे खरे. परंतु ती सगळी घट विलीनीकरणाच्या नावे मांडणे चुकीचे होईल. तिच्यातील काही भाग मंदीच्या वार्तेचा होता.

अमेरिकेतील अनुभव

बँकांच्या विलीनीकरणाचा सर्वांत दीर्घ अनुभव अमेरिकेचा आहे. तेथे एका राज्यातील बँकेला दुसऱ्या राज्यात शाखा काढण्यावर दीर्घकाळ बंधने होती. ती हळूहळू सैल होत गेली आणि १९९४ च्या कायद्याने बहुतांशी संपुष्टात आली. त्यामुळे १९८० नंतरच्या दोन दशकांत तेथे शेकडो बँका एकमेकींत विलीन झाल्या. हे व्यवहार आपखुशीचे होते. त्यांत सरकारचा आदेश नव्हता. विकत घेणारी बँक बाजारभावापेक्षा जास्त किंमत देऊ करी आणि समोरच्या बँकेचे भागधारक ती स्वीकारीत.

ह्यूस्टन व रिन्गार्ट यांनी १९८५ ते १९९१ या काळातील मोठ्या विलीनीकरणांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. विकल्या जाणाऱ्या बँकेचा शेअर चढतो, विकत घेणारीचा उतरतो आणि दोन्हींची बेरीज केली तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही, असे त्यांस आढळून आले. थोडक्यात, एकाच्या खिशातील पैसा दुसऱ्याच्या खिशात गेला. दोन्ही बँकांच्या शाखा एकाच मुलखात असतील, तर मात्र बाजार अधिक अनुकूल असे; कारण समोरासमोरच्या दोन शाखांची एक करून खर्च वाचविता येतो. गेल डीलाँग यांनी २००१ मध्ये हाच मुद्दा अधिक स्पष्ट केला. ज्या बँकांचा प्रदेश व व्यवसाय दोन्ही सारखे होते, त्यांच्या एकत्रीकरणात दोन्ही मिळून सुमारे ३ टक्के मूल्यवृद्धी झाली. इतर प्रकारांत ती झाली नाही.

याच कारणास्तव विकत घेणाऱ्या बँकेचा शेअर पडलाच पाहिजे असा काही नियम नाही. ७ फेब्रुवारी २०१९ रोजी बीबी अँड टी व सनट्रस्ट या अमेरिकेच्या आग्नेय भागातील दोन शेजारी बँकांनी एकत्र येण्याचे ठरविले. सनट्रस्टचा शेअर सुमारे १० टक्क्यांनी आणि विकत घेणाऱ्या बीबी अँड टीचाही सुमारे ४ टक्क्यांनी वाढला. जादा किंमत माफक होती आणि खर्चातील बचत डोळ्यांना दिसत होती. याउलट, फर्स्ट युनियन या बँकेने १९९७ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या कोअरस्टेट्स बँकेसाठी त्या काळी विक्रमी ठरलेली किंमत देऊ केली. नव्या पद्धती लादताना ग्राहक दुरावले, नफ्याचे अंदाज खाली आणावे लागले आणि १९९९ मध्ये फर्स्ट युनियनच्या शेअरला त्याची झळ बसली.

युरोप : देशांतर्गत व्यवहारांना पसंती

युरोपात चित्र काहीसे वेगळे दिसले. सिबो-ऑटोने व मुर्जिया या इटालियन अभ्यासकांनी १९८८ ते १९९७ या काळातील मोठ्या व्यवहारांची पाहणी केली. तेथे दोन्ही बँकांची बेरीज शून्यावर न थांबता अधिकात निघाली. तथापि हा लाभ प्रामुख्याने एकाच देशातील दोन बँकांच्या आणि बँक व विमा कंपनी यांच्या एकत्रीकरणात होता. सीमेपलीकडील बँक घेतली असता बाजाराने तसा उत्साह दाखविला नाही. भाषा, कायदा व करपद्धती भिन्न असल्यावर शाखा एकत्र करून खर्च वाचविणे कठीण, हे त्यामागील उघड कारण होय.

विकत घेणाऱ्याच्या भागधारकांना काय वाटते, हे स्पेनमधील अलीकडच्या एका प्रकरणात दोनदा दिसून आले. २०२४ च्या एप्रिलअखेर बीबीव्हीए या मोठ्या बँकेने साबाडेल बँक घेण्याचा प्रस्ताव ठेवला, त्या दिवशी बीबीव्हीएचा शेअर ६ टक्क्यांहून अधिक पडला आणि साबाडेलचा चढला. स्पेनच्या सरकारने पुढे अशी अट घातली की, व्यवहार झाला तरी किमान तीन वर्षे दोन्ही बँकांचे व्यवस्थापन स्वतंत्र राहिले पाहिजे. म्हणजे जी बचत हा या व्यवहाराचा प्राण, तीच लांबणीवर पडली. अखेर २०२५ च्या ऑक्टोबरात साबाडेलच्या सुमारे २५ टक्केच भागांच्या धारकांनी होकार दिल्याने प्रस्ताव बारगळला. दुसऱ्या दिवशी बीबीव्हीएचा शेअर वर गेला आणि साबाडेलचा खाली आला.

संकटकाळातील विलीनीकरण

बँक बुडण्याच्या बेतात असताना झालेल्या विलीनीकरणात मात्र ही सारी गणिते उलटी होतात. येथे विकली जाणारी बँक जादा किंमत मागण्याच्या स्थितीत नसते. १४ मार्च २००८ रोजी न्यूयॉर्कच्या बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेचा शेअर ३० डॉलरवर बंद झाला होता. दोन दिवसांनी, रविवारी, जेपी मॉर्गन चेस बँकेने तो २ डॉलरना घेण्याचे जाहीर केले. सोमवारी जेपी मॉर्गनचा शेअर सुमारे १० टक्क्यांनी वधारला. बेअर स्टर्न्सचा कोसळला, पण २ डॉलरवर न थांबता ५ डॉलरच्या जवळपास राहिला. एवढ्या कमी किमतीला भागधारक मान्यता देणार नाहीत, असा त्याचा अर्थ होता. आणि आठवडाभरातच किंमत १० डॉलर करावी लागली.

स्वित्झर्लंडमध्ये १९ मार्च २०२३ रोजी, तोही रविवारच होता, क्रेडिट स्विस ही बँक ३ अब्ज फ्रँकना यूबीएसकडे सोपविण्यात आली. शुक्रवारी १.८६ फ्रँक असलेल्या शेअरला ०.७६ फ्रँक मिळणार होते. भागधारकांचे मत घेण्याची तरतूद तातडीच्या आदेशाने बाजूला ठेवण्यात आली. सोमवारी क्रेडिट स्विसचा शेअर निम्म्याहून अधिक घसरला. यूबीएसचा शेअर सकाळी खाली जाऊन दिवसअखेर किंचित वर बंद झाला. ठेवीदारांच्या पैशाला धक्का लागला नाही; परंतु सुमारे १६ अब्ज फ्रँकचे विशेष प्रकारचे रोखे पूर्णपणे रद्द करण्यात आले.

संकटातील खरेदी नेहमीच स्वस्त पडते असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००८ मध्ये लॉइड्स टीएसबीने एचबीओएस ही बँक घेण्याचे जाहीर केले. स्पर्धाविषयक नियम शिथिल करून सरकारने त्यास वाट करून दिली. पाच महिन्यांनी, १३ फेब्रुवारी २००९ रोजी, एचबीओएसच्या प्रचंड तोट्याचा आकडा बाहेर आला तेव्हा लॉइड्सचा शेअर एका दिवसात सुमारे एक-तृतीयांशाने पडला. ताळेबंदाच्या आत काय दडले आहे, हे घोषणेच्या दिवशी बाजारालाही ठाऊक नव्हते.

शासनाच्या सूचनेने झालेली विलीनीकरणे

आपल्या देशाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण मलेशियाचे आहे. आशियाई आर्थिक संकटानंतर १९९९ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेने ५८ वित्तसंस्था सहा प्रमुख बँकांभोवती एकत्र करण्याची योजना जाहीर केली. तिला विरोध झाल्यावर प्रमुख बँकांची संख्या दहा करण्यात आली. या योजनेवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सक्तीच्या विलीनीकरणात एकूण मूल्य घटले आणि विकत घेणाऱ्या बँकांचा लाभ विलीन झालेल्या बँकांच्या भागधारकांना सोसावा लागला. अमेरिकेतील अनुभवाच्या हे नेमके उलट आहे. विकणाऱ्याला नकार देण्याचा अधिकार असेल तरच त्याला जादा किंमत मिळते. तो अधिकार नसेल, तर भाव कोणाच्या बाजूला झुकेल हे निर्णय घेणाऱ्यावर अवलंबून राहते.

भारतातील अभ्यासही याच दिशेने बोट दाखवितात. टाइम्स बँक व एचडीएफसी बँक, बँक ऑफ मदुरा व आयसीआयसीआय बँक अशा खाजगी बँकांच्या काही विलीनीकरणांची पाहणी करून मनोज आनंद व जगनदीप सिंग यांनी २००८ मध्ये दोन्ही बाजूंच्या भागधारकांना घोषणेच्या वेळी लाभ झाल्याचे दाखविले. जयदेव व सेनशर्मा यांनी त्यापूर्वी २००७ मध्ये ऐच्छिक व सक्तीची असा भेद करून पाहिले, तेव्हा सक्तीच्या विलीनीकरणात कोणत्याच बाजूच्या भागधारकांचा फायदा झाल्याचे आढळले नाही.

शासनाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. बुडू पाहणारी बँक तशीच ठेवण्याचाही खर्च असतो आणि तो अखेर करदात्यावरच पडतो. बडोदा बँकेवर येणारा भार ओळखूनच केंद्र शासनाने मार्च २०१९ मध्ये तिला ५,०४२ कोटी रुपयांचे भांडवल पुरविले.

पहिल्या दिवसानंतर

पहिल्या दिवसाचा कौल कितपत टिकतो? ४ एप्रिल २०२२ रोजी एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन होणार असल्याची घोषणा झाली, तेव्हा दोन्ही शेअर सुमारे १० टक्क्यांनी उसळले. दोन आठवड्यांतच बँकेचा शेअर घोषणेपूर्वीच्या भावाखाली गेला होता. बडोदा बँकेचा शेअर महामारीच्या काळात, २०२० मध्ये, ५० रुपयांच्याही खाली उतरला आणि २०२४ मध्ये २५० रुपयांच्या वर पोहोचला. हे विलीनीकरणाचे यश मानण्याचा मोह होतो. परंतु कोणत्याही विलीनीकरणात सामील न झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचा शेअरही याच काळात अनेक पटींनी वाढला. थकीत कर्जांची वसुली आणि नव्याने पुरविलेले भांडवल यांचा लाभ सर्वच सरकारी बँकांना झाला होता. त्यातून विलीनीकरणाचा वाटा वेगळा काढणे सोपे नाही.

भागधारक आणि ठेवीदार

आता मूळ शंकेकडे वळू. शेअर म्हणजे बँकेची मालकी आणि ठेव म्हणजे बँकेने फेडावयाचे देणे. तोटा झाल्यास तो प्रथम मालकाने सोसावयाचा असतो. २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँक ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली, तेव्हा भागधारकांच्या हाती काहीही आले नाही. ठेवीदारांचे पैसे मात्र नव्या बँकेने आपल्या शिरावर घेतले. २०२० च्या नोव्हेंबरात लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँकेच्या भारतीय कंपनीत विलीन झाली. तिचे सर्व भागभांडवल रद्द झाले, पण ठेवी सुरक्षित राहिल्या. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर २ सप्टेंबर २००६ रोजी निर्बंध आले आणि महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. तेथे भागधारकांनाही दर शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. ठेवीदाराला झळ पोहोचते ती निर्बंधाच्या काळात, रक्कम काढण्यावर मर्यादा येते तेव्हा. ठेवीवरील विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील प्रत्येक ठेवीदारास पाच लाख रुपये करण्यात आली आहे.

ग्रामीण भागातील अनेक विलीनीकरणांच्या बाबतीत तर शेअर बाजाराचा प्रश्नच उद्भवत नाही. १ मे २०२५ रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक यांची मिळून एक बँक झाली. ग्रामीण बँकांचे भांडवल ५० टक्के केंद्र शासनाचे, ३५ टक्के पुरस्कर्त्या बँकेचे आणि १५ टक्के राज्य शासनाचे असते. या दोन बँकांचे शेअर बाजारात विकले जात नव्हते. दुसऱ्या दिवशी भाव पडल्याची वा चढल्याची बातमी त्यामुळे आली नाही. या एकत्रीकरणाचा हिशेब पाहावयाचा तर तो नव्या बँकेच्या वार्षिक ताळेबंदात, पीक कर्जाच्या वाटपात, थकबाकीच्या आकड्यात आणि किती शाखा टिकल्या यातच पाहावा लागेल.